बेसला कंप्रेसर की लिमिटर? आधी आवाज नेमका कुठे उसळतो ते बघ

दारव्ह्याकडच्या एका बेस वाजवणाऱ्या पोराने विचारलंय: "दादा, दोन वर्षांपासून भीमगीतांच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. चार तारांचा साधा पॅसिव्ह (बॅटरी नसलेला) बेस गिटार आहे, डीआय बॉक्समधून, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डब्बीतून, सरळ मिक्सरला जातो. दर कार्यक्रमात साउंडवाला म्हणतो, तुझा खालचा आवाज उसळून राहिला, आणि मला कमी करून टाकतो. मग गाण्यात मी ऐकूच येत नाही. मागच्या महिन्यात एक अठरा इंची स्पीकर उडाला, तोही माझ्याच नावावर आला. आठ हजार जमवले आहेत. कंप्रेसर घेऊ की लिमिटर? एक जण बॉस कंपनीचा जुना एलएमबी-३ हा बेसचा लिमिटर पेडल देतोय. तो घेतला तर स्पीकर वाचेल ना?"

भाऊ, एका प्रश्नात तू तीन प्रश्न विचारले आहेस. आवाज उसळतो हा एक, गाण्यात ऐकू येत नाही हा दुसरा आणि स्पीकर उडाला हा तिसरा. पेडलचा, म्हणजे पायाशी ठेवून आवाज दाबणाऱ्या या डब्बीचा (कंप्रेसर असो की लिमिटर), उपयोग पहिल्याला कदाचित होईल, दुसऱ्याला बऱ्यापैकी होईल, तिसऱ्याला जवळजवळ होणारच नाही. आठ हजार ही तुझ्यासाठी लहान रक्कम नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी ब्रह्मपुरीकडचा. बेस हातात घेऊन एकवीस वर्षं झाली. दिवाळीनंतर मंडया (गावोगावच्या जत्रा) सुरू झाल्या की झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या, नाटकांना साथ, एप्रिलमध्ये जयंतीचे कार्यक्रम, मधल्या काळात लग्नाचे ऑर्केस्ट्रा. काही वर्षं दुसऱ्याच्या साउंडवर ऑपरेटर म्हणूनही बसलो, त्यामुळे तुझा आवाज कमी करणाऱ्या त्या माणसाची अडचणही मला ठाऊक आहे. त्याच्यासमोर हजार-दोन हजार माणसं बसलेली असतात आणि गायकाचा शब्द ऐकू आला नाही तर शिव्या त्याला पडतात. खाली काही घुमायला लागलं की त्याचा हात आधी बेसच्या फेडरवर (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या दांडीवर) जातो.

पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी कर. पुढच्या कार्यक्रमाला तासभर आधी पोच. साउंडवाल्याला सांग, माझ्या चॅनलचा ईक्यू (खालची-वरची पट्टी कमीजास्त करणारे नॉब) सपाट ठेव आणि मिक्सरमधून तेवढाच आवाज रेकॉर्ड करून दे. पेनड्राइव्हवर, लॅपटॉपवर, जशी सोय असेल तसा. मग सगळ्यात जाड ई च्या मोकळ्या तारेपासून एकेक फ्रेट (मानेवरची धातूची आडवी पट्टी) चढत सगळ्यात बारीक जी तारेच्या बाराव्या फ्रेटपर्यंत जा. प्रत्येक स्वर दोन सेकंद, बोटाचा जोर सारखा. झालं की ते रेकॉर्डिंग आधी हेडफोनवर ऐक. नंतर तेच रेकॉर्डिंग साउंडवरून वाजवायला सांग आणि तू स्वतः मैदानात जाऊन उभा राहा. स्टेजपासून वीस पावलांवर ऐक, मग चाळीस पावलांवर, मग बायांच्या बैठकीकडच्या कोपऱ्यात. मोबाइलवर रेकॉर्ड करून यात काही कळत नाही. मोबाइल स्वतःच आवाज आपोआप कमीजास्त करतो आणि खालची पट्टी त्याला नीट पकडता येत नाही.

आता दोनपैकी एक दिसेल. हेडफोनमध्ये सगळे स्वर साधारण सारखे आहेत आणि मैदानात मात्र दोन-तीनच स्वर ढुम्म करून उठतात, असं असेल तर दोष तुझ्या हाताचा नाही आणि पेडलने तो जाणारही नाही. पेडल तुझ्या पायाशी असतं. त्याच्याकडे येणारा स्वर सारखाच असतो, त्याला दाबायला काही सापडत नाही. घुमणं पुढे, स्पीकरच्या डब्यात नाहीतर स्टेजमध्ये तयार होतं. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी ४९ हर्ट्‌झचा आणि ए ची मोकळी तार ५५ हर्ट्‌झची. बेस बिन (खालच्या आवाजाचे मोठे स्पीकरचे डबे) बहुधा याच भागात सगळ्यात जोरात बोलतात, त्यामुळे बहुतेक वेळा हेच दोन स्वर सापडतील.

नागभीडकडे एका मंडईत मला हे पायाने कळलं. बिछायतवाल्याने तख्तपोस जोडून स्टेज केलं होतं, खाली सगळं पोकळ, आणि जागा कमी म्हणून दोन्ही बेस बिन स्टेजच्याच कडेला चढवलेले. मी ए वाजवला की चपलेखालची फळी थरथरायची. मोकळी ए सोडली की थांबायची. डी वाजवला तर काही नाही. ऑपरेटर मला खालून हातवारे करत होता, कमी कर, कमी कर. पहिल्या अंकानंतर चौघांनी मिळून ते बिन उचलून जमिनीवर ठेवले. निम्मं घुमणं तिथेच गेलं. उरलेल्यासाठी त्याने माझ्या चॅनलवर ५५ च्या आसपास थोडा कट दिला आणि बेसचा फेडर पहिल्यापेक्षा वर नेला. त्या रात्री पडदा पडेपर्यंत मला कुणी कमी केलं नाही. त्या दिवशी मी नवा पेडल घेऊन गेलो असतो तर तो वाईट आहे म्हणून परत विकला असता.

दुसरी शक्यता ही की हेडफोनमध्येच काही स्वर उडी मारतात आणि काही बसलेले असतात. मग काम तुझ्याकडे आहे, आणि तेही पेडलच्या आधी बेसवर. पिकअपची (तारांखालच्या, त्यांचं कंपन पकडणाऱ्या चुंबकाची) उंची बघ. ई तारेकडची बाजू तारेच्या फार जवळ असेल तर ती एकटीच ओरडते. स्क्रू पाव फेरा खाली घे, पुन्हा ऐक. तारा किती जुन्या आहेत? घामाने मेलेली तार आधी धार सोडते आणि मग नुसता गुबगुबीत आवाज उरतो. साउंडवाल्याला तो उसळल्यासारखाच वाटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर आणि जुलैत दमट हवा, यात मान वाकते, तारांची उंची बदलते. वर्षातून दोनदा ट्रस रॉड (मानेतली धातूची दांडी) बघून घ्यावा लागतो. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या मध्ये कुठेतरी एखादा स्वर लवकर मरत असेल तर घाबरू नकोस. बोल्टने मान जोडलेल्या बऱ्याच बेसमध्ये तसा डेड स्पॉट असतो. कंप्रेसर त्याला थोडं झाकतो, घालवत नाही.

आणि हात. हे मनाला लावून घेऊ नकोस, पण स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की आपण सगळेच जोरात ओढतो. जोरात ओढलं की तार फ्रेटवर आपटते, ठोका मोठा होतो आणि मागचा स्वर उलट लहान होतो. बेसचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेव, मिक्सरवर गेन (आत येणाऱ्या आवाजाची वाढ) थोडा जास्त माग आणि बोट हलकं ठेव. माझ्यापुरतं सांगतो, एवढ्या एका सवयीने माझा आवाज जितका सारखा झाला तितका कुठल्याही डब्बीने झाला नाही.

हे सगळं झाल्यावर जी असमानता उरते, ती कंप्रेसरची. तो काय करतो ते नीट समजून घे, म्हणजे दुकानदाराच्या बोलण्यात अडकणार नाहीस. थ्रेशोल्ड म्हणजे एक रेषा. स्वर त्या रेषेच्या खाली असेल तर पेडल त्याला हात लावत नाही. वर गेला की रेशोच्या हिशेबाने दाबतो. रेशो ४ ला १ असेल आणि तुझा ठोका रेषेच्या ८ डेसिबल वर गेला, तर बाहेर तो २ डेसिबलच वर निघतो. २० ला १ असेल तर अर्धा डेसिबलही वर जात नाही. लिमिटर म्हणजे एवढंच: तोच कंप्रेसर, रेशो १० ला १ किंवा त्याच्या पुढचा, आणि रेषा बरीच वर ठेवलेली. कंप्रेसर रोजच्या वाजवण्याला सारखं करतो. लिमिटर एरवी गप्प असतो आणि तू अंगठ्याने स्लॅप मारलास किंवा जोशात तार ओढलीस की तेवढ्यापुरता आडवा येतो. रेशोचा नॉब असलेला एकच पेडल दोन्ही कामं करू शकतो, म्हणून "हा की तो" या वादात फार वेळ घालवू नकोस.

खरा फरक अटॅक आणि रिलीजमध्ये असतो आणि बेसवर तो गिटारपेक्षा जास्त जाणवतो. स्वर रेषेच्या वर गेल्यावर पेडल दाबायला जो वेळ घेतो तो अटॅक, आणि खाली आल्यावर सोडायला जो वेळ घेतो तो रिलीज. तुझी मोकळी ई ४१ हर्ट्‌झची आहे. म्हणजे तिची एक लाट पूर्ण व्हायलाच जवळपास २४ मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याहून जलद ठेवला तर पेडल स्वराचा चढउतार सोडून त्या एकेका लाटेच्या मागे पळायला लागतो आणि आवाज फाटतो. बरेच जण याला पेडल खराब आहे म्हणतात. पाच तारांच्या बेसची बी तर ३१ हर्ट्‌झची, तिथे आणखी सांभाळावं लागतं. मी रिलीज साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतो. मिनिटाला १०० ठोक्यांच्या गाण्यात अर्धा ठोका ३०० मिलिसेकंदांचा होतो, म्हणजे पुढचा स्वर येईपर्यंत पेडलने हात काढून घेतलेला असतो. गाणं संथ असेल तर आणखी लांबवायला हरकत नाही.

अटॅकचा संबंध तुझ्या दुसऱ्या तक्रारीशी आहे, म्हणून यावर जरा थांबतो. भीमगीतात ढोलकाचा बायां (खालच्या आवाजाची बाजू) आणि तुझा बेस एकाच पट्टीत राहतात. त्यावर ऑक्टोपॅडचा किक येतो. या गर्दीत ऐकणाऱ्याला बेस कळतो तो बोट तारेवरून सुटतानाच्या त्या छोट्या "टक्"मुळे. तेवढ्यावरून कान ठरवतो की हा स्वर बेसचा, मागची गुंजन मग त्याला आपोआप जोडली जाते. अटॅक फार जलद ठेवलास तर पेडल नेमका तो टक् खातो. आवाज मीटरवर भरपूर दिसतो आणि गाण्यात कुठेच नसतो. अटॅक ३० मिलिसेकंदांच्या आसपास सोडला तर टक् निसटतो आणि मागचं शरीर दाबलं जातं. घरी एकट्याने वाजवताना जलद अटॅक गुळगुळीत, छान वाटतो. म्हणून पेडल निवडायचा असेल तर ढोलकवाल्या मित्राला सोबत बसव आणि मगच ठरव.

ऐकू न येण्यामागे आणखी एक कारण असतं आणि ते कंप्रेसरचं नाही. गावातले बहुतेक सिस्टिम खाली फुगलेले असतात. तू आणि साउंडवाला दोघेही खालचाच नॉब फिरवत राहता. एकदा २५० ते ८०० हर्ट्‌झच्या मधला भाग थोडा वर कर आणि ४० च्या खालचं काढून टाक. ई चा दुसरा हार्मोनिक (मूळ स्वरासोबतच वाजणारा त्याच्या दुपटीचा स्वर) ८२ वर असतो, त्याच्या वरचेही असतात. ते ऐकू आले की कान खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. लहान मिक्सरवर ८० किंवा १०० चा लो-कट (त्याखालचा आवाज कापणारं बटण) असतो. तो बेसवर दाबायला सगळे घाबरतात, पण घुमणाऱ्या सिस्टिमवर मी तो दाबून वाजवलंय आणि मैदानात बेस जास्त स्वच्छ आला आहे.

कंप्रेसरची किंमत आवाजातही मोजावी लागते, ती मी सिंदेवाहीकडच्या एका नाटकात मोजली. तेव्हा पहिलाच पेडल घेतला होता, गिटारसाठीचा, आणि सगळे नॉब बरेच पुढे ठेवले होते. गाण्यात मस्त चाललं. मग आईच्या मरणाचा प्रवेश आला. स्टेजवर शांतता, पेटीसुद्धा थांबलेली, नटी हुंदका आवरत हळू आवाजात बोलतेय, आणि साउंडमधून माझ्या चॅनलची "सूंऽऽ" सगळ्या मैदानावर पसरली. मी तारांवर हात ठेवून होतो, तरी ती येतच होती. दाबलेला आवाज भरून काढायला पेडल जे पुढे ढकलतं, त्यात पिकअपची घरघर, जनरेटरची गुणगुण, झालरीच्या लायटिंगची करकर सगळं ढकललं जातं. १० डेसिबल दाबून १० डेसिबल वाढवलास तर दोन स्वरांच्या मधल्या शांततेतला कचराही १० डेसिबलने वर येतो. तेव्हापासून दोन नियम पाळतो. सगळ्यात जोरदार स्वरावर ६ डेसिबलच्या पुढे दाबायचं नाही, आणि वाजवायचं नसेल तेव्हा ट्यूनर दाबून आवाज बंद ठेवायचा. त्या नटीची मी नंतर माफी मागितली.

आता स्पीकर. तुझ्यावर आळ आला याचं मला वाईट वाटतं, पण पेडल घेऊन तो टळेल असं समजू नकोस. तुझ्या पेडलनंतर डीआय, मिक्सर, क्रॉसओव्हर (खालचा-वरचा आवाज वेगळा करणारं यंत्र), अँप इतकं सगळं आहे आणि यातल्या प्रत्येकाचा आवाज दुसऱ्याच्या हातात आहे. तू पायाशी कितीही दाबलंस तरी फेडर वर गेला की संपलं. स्पीकर वाचवणारा लिमिटर अँपच्या आधी, क्रॉसओव्हर किंवा प्रोसेसरमध्ये लावायचा असतो आणि तो लावणं साउंडवाल्याचं काम आहे.

अठरा इंची दोन तऱ्हांनी मरतो. पहिली तऱ्हा म्हणजे कोन (स्पीकरचा हलणारा पडदा) मर्यादेच्या बाहेर हलणं. छिद्राच्या डब्याला त्याच्या ट्यूनिंगच्या खालचा आवाज दिला की आतल्या हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट उडतो. खालचा आवाज कापणारा हाय-पास नसलेल्या सिस्टिमवर हे सहज होतं. चालू चॅनलवर तू केबल खेचलीस, तर तो "ढप्प" यातच मोडतो. ही एक गोष्ट मात्र तुझ्या हातात आहे: चॅनल बंद झाल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय केबलला हात लावायचा नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) जळणं. रात्री उशिरा जनरेटरचं व्होल्टेज पडतं, अँपची ताकद कमी होते, ऑपरेटर तेवढाच आवाज काढायला गेन वाढवतो, अँप क्लिप होतो (ताकद संपून लाटेचं टोक कापतो) आणि कॉइल तापत जाते. इथे कंप्रेसर उलटा अंगावर येऊ शकतो. तो शिखरं कापून सरासरी वाढवतो, आणि कॉइलला तापवते ती सरासरी. दाबून दाबून सारखा केलेला बेस जोरात वाजवला तर स्पीकरला दम घ्यायला फटच मिळत नाही. उडालेला स्पीकर उघडला असेल तर विचार: कोन फाटला होता की कॉइल काळी पडली होती? काळी असेल तर ते दोष तुझ्यावर टाकू शकत नाहीत.

इथवरचं थोडक्यात धरून ठेव. मैदानात दोनच स्वर घुमत असतील तर ईक्यू आणि बिनची जागा. हेडफोनमध्येच स्वर असमान असतील तर आधी बेस आणि हात, मग कंप्रेसर. स्पीकरसाठी साउंडवाल्याशी बोलणं.

पेडलकडे येऊ. त्याआधी हेही बघ की तू ज्या मिक्सरवर जास्त वाजवतोस त्यात कंप्रेसर आहे का. बेहरिंगरच्या एक्स-३२ सारख्या डिजिटल मिक्सरवर प्रत्येक चॅनलला असतो. यामाहाच्या एमजी मालिकेतल्या बऱ्याच मिक्सरवर काही चॅनलना एका नॉबचा कंप्रेसर असतो. तुझे निम्म्याहून जास्त कार्यक्रम अशा मिक्सरवर होत असतील तर पैसे ठेवून दे, चांगल्या तारा टाक, सेटअप करून घे. पण आपल्या तालुक्याच्या गावांत आजही लहान साधा मिक्सर आणि दर वेळी नवा ऑपरेटर, अशी स्थिती असते. तिथे स्वतःच्या पायाशी स्वतःचा कंप्रेसर असणं मला आवश्यक वाटतं.

निवडताना मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो ते मीटरला. पेडल आत्ता किती दाबतोय हे दिव्यांनी दिसलं पाहिजे. कंप्रेशन कानाने ओळखायला वर्षं लागतात, आणि स्टेजच्या गोंगाटात तर मलाही कधी कधी कळत नाही. एमएक्सआर कंपनीच्या एम८७ या बेस कंप्रेसरवर दहा दिव्यांची ओळ आहे, अटॅक, रिलीज, रेशो, इनपुट, आउटपुट असे पाचही नॉब आहेत. त्याचे रेशो ४, ८, १२ आणि २०. स्टुडिओत नावाजलेल्या ११७६ या जुन्या यंत्राला, जे बिल पटनम यांनी १९६० च्या दशकात बनवलं, हेच चार रेशो होते. मी गेली काही वर्षं हाच वापरतो. बॉसच्या बीसी-१एक्स वरही किती दाबलं जातंय ते दिवे दाखवतात, आणि तो खालची-वरची पट्टी वेगवेगळी हाताळतो, त्यामुळे ई तारेचा ठोका आला म्हणून वरची धार दबत नाही. त्यावर अटॅकचा नॉब मात्र नाही. हे दोन्ही नवीन घेतलेस तर आठ हजारांत बसणार नाहीत. जुने मिळाले तर बघ.

तुला मिळतोय तो एलएमबी-३ वाईट अजिबात नाही. त्यावर लेव्हल, एन्हान्स, रेशो आणि थ्रेशोल्ड आहेत. अटॅक-रिलीज आतूनच ठरलेले, आणि मीटर नाही. एन्हान्स दबलेली धार परत आणतो, पण सोबत फुसफुसही आणतो, म्हणून पाव भागाच्या पुढे मी तो नेत नाही. बेसचा विचार करून बनवलेला आहे, मजबूत आहे, आणि दारव्ह्यात बसून हातात येतोय. किंमत तुझ्या आठ हजारांच्या निम्म्यात बसत असेल आणि खाली सांगतो त्या तपासणीत पास झाला तर घे. उरलेल्या पैशांत तारा, चांगली केबल आणि ट्यूनर पेडल होईल. गिटारवाल्यांचे दोन नॉबचे कंप्रेसर, एमएक्सआरच्या डायना कॉम्पच्या वळणाचे, बेससाठी घेऊ नकोस. बरेचदा ते खालचा भाग बारीक करतात, आणि अटॅक-रिलीज आपल्या हातात नसतो.

सेटिंग मी असं करतो. संध्याकाळी साउंड चेकला, अँप मोठ्याने सुरू होण्याआधी. रेशो ४ वर. थ्रेशोल्ड इतका वर की काहीच होत नाही (एम८७ वर थ्रेशोल्डचा नॉब नाही, तिथे इनपुट कमी ठेवून मग हळूहळू वाढवला की तेच काम होतं). मग एखाद्या गाण्याचा अंतरा नेहमीच्या जोराने वाजवतो, आणि थ्रेशोल्ड हळूहळू खाली आणतो. साध्या स्वरांवर पहिला दिवा मिचकतो, जोरदार स्वरावर तिसरा-चौथा लागतो, आणि दोन स्वरांच्या मध्ये सगळे विझतात, तिथे थांबतो. दिवे विझत नसतील तर रिलीज लांब झालाय किंवा थ्रेशोल्ड फार खाली आलाय. नंतर पेडल चालू-बंद करत लेव्हल अशी लावतो की दोन्हीत आवाज सारखाच मोठा वाटेल. हे शेवटचं फार जरूरीचं आहे, कारण जरा मोठं वाजलं की कान त्यालाच चांगलं म्हणतो आणि फसतो. तुझ्या पेडलला मीटर नसेल तर याच चालू-बंदवर भिस्त ठेव: टक् शाबूत आहे का, आणि स्वर शेवटपर्यंत उभा राहतो का, एवढं ऐक. स्लॅपच्या गाण्याला रेशो १२ च्या पुढे आणि थ्रेशोल्ड वर, म्हणजे तोच पेडल लिमिटर झाला.

साखळीत तो ट्यूनरच्या लगेच नंतर ठेव. ऑटो-वाह (बोटाच्या जोराप्रमाणे स्वराला वाव-वाव असा आवाज देणारा पेडल) वापरत असशील तर मात्र ऑटो-वाह आधी, कारण त्याला बोटाच्या जोराचा चढउतार लागतो.

वीज हा आपल्याकडचा वेगळा विषय आहे. बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी लागते आणि पिनच्या मधला भाग निगेटिव्ह असतो. स्टेजवर अडॅप्टर विसरला की कुणीतरी वायफाय राउटरचा काढून देतो. तो बऱ्याचदा १२ व्होल्टचा आणि मध्ये पॉझिटिव्ह असतो. माझ्यासमोर एका पोराचा पेडल असा गेला. अडॅप्टरवरचं चित्र वाचल्याशिवाय पिन घालू नकोस. जनरेटरवर गुणगुण फार येत असेल तर पेडल त्या दिवसापुरता बॅटरीवर चालव. बॅटरी अल्कलाइन घे, आणि कार्यक्रम संपल्यावर इनपुटची केबल काढून ठेव. ती लागलेली राहिली तर बॅटरी रात्रभर उतरत राहते.

एलएमबी-३ घ्यायला जाशील तेव्हा स्वतःचा बेस, स्वतःची केबल आणि नवी बॅटरी सोबत ने. आधी बॅटरीचा कप्पा उघडून हिरवा-पांढरा गंज आहे का बघ. बेसचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून पेडल चालू कर आणि प्रत्येक नॉब सावकाश फिरव. नॉब फिरताना खरखर आली तर ती साफ करता येते, तेवढ्यासाठी नाही म्हणू नकोस, भाव कमी कर. नॉब स्थिर असतानाही खरखर चालूच असेल तर घेऊ नकोस. स्विच वीसेक वेळा दाब, एकदाही चुकता कामा नये. शेवटी रेशो पूर्ण वर, थ्रेशोल्ड हळूहळू दबण्याच्या बाजूला नेत मोकळी ई जोरात ओढ. आवाज स्पष्ट दबायला हवा आणि मग हळूच परत यायला हवा. काहीच फरक पडला नाही तर आतला भाग गेलेला आहे.

ती हेडफोनची तपासणी झाली की कोणते स्वर उठतात आणि कोणते बसतात, तारेसकट लिहून पाठव. स्पीकरच्या कॉइलचंही विचारून घे.